गाडी पाणी खाते, पण गळती दिसत नाही : जुन्या कारच्या हेड गॅस्केटची संथ गळती

आमची पेट्रोल कार २००४ सालची आहे. इंजिन एक लिटरच्या आसपासचे, चार सिलिंडरचे, वरचे हेड (सिलिंडरांवर बसणारे झाकण) ॲल्युमिनियमचे. गेल्या काही वर्षांत या गाडीने चार वेळा एकच तक्रार पुढे आणली : कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी हळूहळू उतरते, गाडीखाली मात्र एक थेंबही सापडत नाही. नाशिकमध्ये इंदिरानगर ते कॉलेज रोड अशा रोजच्या फेऱ्यांत तापमानाचा काटा कधी निम्म्याच्या वर गेला नाही. मुंबईकडे जाताना इगतपुरीनंतर कसारा घाटाचा उतारच असल्यामुळे त्या वाटेवरही काही जाणवत नसे. परतताना मात्र तोच घाट चढावा लागतो, आणि शेवटच्या वळणांपर्यंत काटा लाल रेषेकडे सरकू लागे. वर येऊन बॉनेट उघडावे, तर बाजूची प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरून उतू गेलेली असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच टाकी जवळजवळ कोरडी सापडे.

पहिल्या वेळी रेडिएटर बदलला गेला. दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकून फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत चालणारा, करण्यात आला. तिसऱ्या वेळी हेड उघडून नवे गॅस्केट (हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ थर) बसवले गेले आणि आठ महिन्यांनी दुखणे जसेच्या तसे परत आले. या तीनही दुरुस्त्यांमध्ये एक गोष्ट समान होती : पाणी किती, केव्हा आणि कोणत्या वाटेने जाते, हे कोणीही मोजले नव्हते. चौथ्या वेळी आम्ही पाना हातात घेण्याआधी मोजमाप केले, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

गळती संथ का राहते

हेड गॅस्केट एकाच वेळी तीन गोष्टी अडवून धरते : सिलिंडरमधील जळणारा वायू, भोवती फिरणारे कूलंट आणि वर जाणारे ऑइल. दोन शेजारच्या सिलिंडरांमधील पट्टी सर्वांत अरुंद असते आणि सर्वांत जास्त तापते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे ज्या इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, तेथे प्रत्येक तापण्या-निवण्यात हेड ब्लॉकवर किंचित सरकते आणि गॅस्केट घासले जाते. त्यात कूलंट वर्षानुवर्षे बदललेले नसेल, तर त्यातील गंजरोधक द्रव्ये संपलेली असतात आणि पाण्याच्या छिद्रांच्या कडा खाल्ल्या जातात. एखादेच मोठे तापणे अशा थकलेल्या जागेला वाट करून देते.

ही वाट केसाएवढी असते. इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसते चालू, असताना सिलिंडरमधील दाब कमी असल्यामुळे ती बंदच राहते. पूर्ण भारावर, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना, तोच दाब वातावरणाच्या चाळीस-पन्नास पटींपर्यंत जातो, आणि वायू कूलंटमध्ये शिरू लागतो. रेडिएटरचे झाकण साधारण ०.९ किलोच्या दाबावर उघडते (हा आकडा बहुधा झाकणावरच छापलेला असतो), त्यामुळे शिरलेल्या वायूने ढकललेले कूलंट झाकणातून टाकीत आणि टाकीतून रस्त्यावर जाते. उरलेल्या कूलंटमध्ये वायूचे फुगे राहतात, फुगा जेथे अडकतो तेथील धातू थंड होत नाही, आणि मग काटा चढतो. म्हणजे येथे गाडी तापते म्हणून पाणी कमी होते असे नाही. पाणी ढकलले जाते म्हणून गाडी तापते. हा क्रम उलटा समजला गेल्यामुळेच आमचा चांगला रेडिएटर भंगारात गेला.

इंजिन थंड झाल्यावर प्रवाह उलटतो. बंद केलेल्या गाडीत यंत्रणेतील उरलेला दाब थोडे कूलंट त्याच केसाएवढ्या वाटेने सिलिंडरमध्ये ढकलतो. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद अडखळते, एक सिलिंडर मारत नाही असे वाटते, आणि नंतर सगळे सुरळीत होते, ते यामुळे. आम्ही कित्येक महिने याला प्लगचा दोष समजत होतो.

आधी वही

एक साधी वही पुरे. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवरील पातळीची खूण मार्करने करावी आणि तारीख, किलोमीटर, आदल्या दिवशीचा रस्ता व भरलेले कूलंट यांची नोंद ठेवावी. कूलंट अंदाजाने ओतू नये. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा मापाचा पेला किंवा मोठी सिरिंज वापरावी. आठवड्यातून एकदा थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून आतली पातळीही पाहावी, कारण झाकणाचा परतीचा व्हॉल्व्ह बिघडलेला असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा फसवा देखावा दिसतो. गरम इंजिनाचे झाकण कोणत्याही कारणासाठी उघडू नये. दाबाखालचे पाणी झाकण सैल होताच उकळून अंगावर येते, आणि अशा भाजण्याच्या घटना कमी नाहीत.

आमच्या वहीत पंधरा दिवसांच्या शहरातील वापरात पन्नास मिलिलीटरही घट दिसली नाही. त्र्यंबकेश्वरच्या एका फेरीत, जो रस्ता बराचसा सपाट आहे, काहीच गेले नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाऊन आल्यावर अडीचशे मिलिलीटर कमी झाले, आणि कसारा घाटातून परतल्यावर चारशे. होजमधून किंवा पंपातून गळणारे पाणी सपाट रस्त्यावरही गळते. फक्त चढालाच जाणारे पाणी भाराशी बांधलेले असते. निदानाचा अर्धा भाग येथेच झाला होता, आणि त्याला खर्च आला तो एका मार्करचा.

ज्यांच्यावर संशय आधी घ्यावा

तरीही हेड उघडणे हे मोठे काम असल्यामुळे स्वस्त शक्यता आधी बाद कराव्यात. सर्वांत आधी झाकण बदलावे. त्याचे रबर कडक झाले की ते दाब धरत नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते, तेथे वाळलेल्या कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी डाग दिसतो का, ते आरसा धरून पाहावे. पुढच्या सीटखालील गालिचा ओला किंवा चिकट असेल आणि आत गोडसर वास येत असेल, तर हीटरची जाळी फुटलेली आहे. ब्लॉकच्या बाजूला बसवलेली पत्र्याची गोल बुचे गंजून पाझरतात आणि ते पाणी गरम ब्लॉकवरच सुकते, त्यामुळे जमिनीवर काहीच दिसत नाही.

नाशिकमध्ये आता अनेक जुन्या गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवलेले असते. त्याच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवण्यासाठी इंजिनाचेच कूलंट फिरवले जाते, म्हणजे दोन जादा होज आणि चार जादा क्लिप. या जागा गॅरेजमध्ये हमखास विसरल्या जातात, कारण त्या मूळ इंजिनाच्या नकाशात नसतात.

त्यानंतर थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करावी. हातपंपाने झाकणावरील आकड्याइतका दाब भरून किमान अर्धा तास, शक्य असल्यास रात्रभर, ठेवावा. दाब उतरला आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर पाणी आत जात आहे. अशा वेळी सगळे प्लग काढून, सिलिंडरच्या तोंडावर स्वच्छ फडके धरून स्टार्टर फिरवावा (इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, आणि चेहरा दूर ठेवून). ज्या सिलिंडरमधून तुषार उडतो, तो दोषी. काढलेल्या प्लगांपैकी एखादा इतरांपेक्षा लख्ख दिसत असेल, तर तीही त्याच गोष्टीची खूण आहे. वाफ काजळी धुऊन काढते. आमचा दुसऱ्या क्रमांकाचा प्लग नव्यासारखा चमकत होता, आणि आधीच्या मेकॅनिकने त्याबद्दल गाडीचे कौतुक केले होते.

पुरावा

झाकणाच्या जागी बसवायच्या काचेच्या नळीत निळे द्रव भरून, रेडिएटरमधील हवा त्यातून ओढून घेण्याची एक चाचणी असते. जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत ते द्रव निळ्याचे पिवळे होते. चाचणीपूर्वी रेडिएटरमधील पातळी दोन-तीन इंच उतरवावी, कारण कूलंट स्वतःच नळीत ओढले गेले तर निकाल बाद होतो. येथे एक चूक वारंवार होते : गाडी गॅरेजमध्ये आयडलवर ठेवून पाच मिनिटांत चाचणी उरकली जाते, द्रव निळेच राहते, आणि हेड निर्दोष ठरते. संथ गळती आयडलवर बोलत नाही. आम्ही गाडी चढावर भरपूर चालवून आणली, झाकण सुरक्षितपणे उघडता येईल इतकी निवू दिली, पुन्हा सुरू करून मधूनमधून रेस देत चाचणी केली, तेव्हा द्रव सावकाश हिरवट आणि मग पिवळे झाले.

कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून, जागा निश्चित होते. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम कमी असतील, तर त्यांच्यामधली पट्टी गेलेली असते. सगळे आकडे ठीक असले, तरी गळती नाही असे समजू नये. केसाएवढी वाट स्टार्टरच्या वेगात फारसा दाब गमावत नाही. या बाबतीत लीक-डाउन चाचणी अधिक विश्वासार्ह आहे. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरली जाते आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का, ते पाहिले जाते.

दोन लक्षणांनी घाबरून जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघणे स्वाभाविक आहे. इंजिन गरम झाल्यावरही ती थांबत नसेल आणि गोडसर वास असेल, तरच संशय घ्यावा. तसेच पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय जमते. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल स्वच्छ असेल, तर ती केवळ दमट हवेची साय आहे. डिपस्टिकवरच चहाच्या रंगाचे ऑइल आले, तर मात्र गाडी त्याच जागी बंद करावी, कारण तसे ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही.

तात्पुरते उपाय

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा सल्ला आपल्याकडे ट्रकचालकांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे देतात. रेडिएटरच्या सुईएवढ्या छिद्रावर ती कधी कधी घर गाठून देते, हे खरे आहे. हेडच्या आत चाळीस-पन्नास पट दाबापुढे हळदीचा टिकाव लागत नाही, आणि हीटरच्या बारीक नळ्या मात्र ती बुजवते. बाजारातील बाटलीबंद सीलर, ज्यांत बहुधा सोडियम सिलिकेट असते, हळदीपेक्षा बरे असले तरी त्यांचाही भरवसा नाही. गाडी लवकरच निकालात काढायची असेल आणि घाटात न्यायची नसेल, तर ते वापरण्यास माझी हरकत नाही. गाडी ठेवायची असेल, तर वापरू नये.

थर्मोस्टॅट काढून फॅन डायरेक्ट करण्याबद्दल मात्र माझे मत कठोर आहे. इंजिन कधीच नेमक्या तापमानाला पोहोचत नाही, संगणकावर चालणारे इंजिन स्वतःला थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहते, ॲव्हरेज पडते, आणि सर्वांत वाईट म्हणजे काटा खाली राहिल्यामुळे गळती झाकली जाते. “साहेब, आता बघा, काटा हलतसुद्धा नाही,” असे आम्हाला अभिमानाने सांगण्यात आले होते. काटा खरोखरच हलत नव्हता. गळती त्या काळात चालूच होती, हे नंतर उघडलेल्या हेडने दाखवले.

पाणी कमी झाले म्हणून केवळ नळाचे पाणी भरत राहणेही टाळावे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यात पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, ०.९ किलोच्या झाकणाखाली ते साधारण ११७ अंशांपर्यंत टिकते, आणि निम्मे कूलंट असलेले मिश्रण त्याहूनही पुढे. गळक्या यंत्रणेत झाकणाचा दाब टिकतोच असे नाही, म्हणून पाण्याचे प्रमाण जितके वाढेल तितकी घाटातील उकळी लवकर येते. बोअरचे पाणी तर क्षारांचा थर देऊन जाते.

हेड उघडल्यावर

तिसऱ्या दुरुस्तीत काय चुकले होते, ते हेड दुसऱ्यांदा उघडल्यावर कळले. गॅस्केट चांगल्या प्रतीचे होते. ज्या पृष्ठभागांमध्ये ते बसवले होते, ते सपाट नव्हते. सरळ धारेची पोलादी पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजण्याची ठरावीक जाडीची पातळ पाने) सरकवले, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.१४ मिलिमीटरचे पान आत गेले. आमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिलिमीटरची आहे. झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे एका कागदापेक्षा थोड्या जास्त फटीने आमचे आठ महिने आणि एक पूर्ण मजुरी वाया घालवली होती. हे मोजमाप दहा मिनिटांचे आहे आणि ते आपल्यासमोर करण्याचा आग्रह मालकाने धरावा. हेडइतकाच ब्लॉकचा माथाही मोजावा. हेड नेऊन फेस मारून (यंत्रावर पृष्ठभाग सपाट करून) आणले जाते, ब्लॉककडे कोणी पाहत नाही.

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये मशिनिंगच्या कामाला तोटा नाही. तरीही इंजिन हेडचेच काम नेहमी करणारे वर्कशॉप निवडावे आणि क्रम ठरवून सांगावा : आधी दाबाखाली पाणी भरून हेडला तडा आहे का, याची चाचणी, मग फेसिंग. तडा गेलेल्या हेडला फेस मारणे म्हणजे पैसे देऊन निराशा विकत घेणे. फेसिंग फक्त लागेल तेवढेच करावे. प्रत्येक वेळी हेडची उंची कमी होते, कॉम्प्रेशन वाढते, आणि उंचीची खालची मर्यादा ओलांडली तर इंजिन चढावर ठोके देऊ लागते. अनेक थरांच्या पोलादी गॅस्केटला फार गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, म्हणून कोणते गॅस्केट बसणार आहे, हेही वर्कशॉपला आधीच सांगावे.

ब्लॉकवरचा जुना थर ग्राइंडरला घासणीची चकती लावून खरवडण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या चकतीची बारीक भुकटी ऑइलच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते; शिवाय मऊ ॲल्युमिनियममध्ये खड्डे पडतात. प्लास्टिकची किंवा बोथट पट्टी, योग्य द्रावण आणि सोशीकपणा यांनी तेच काम होते. बोल्टची छिद्रे वाऱ्याने साफ करणे विसरू नये. तळाशी ऑइल किंवा कूलंट साचलेले असेल, तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि तसे झाले नाही तरी टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा खोटा येतो.

बोल्ट सोडताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करून, सर्व बोल्ट सैल करावेत. आवळताना मध्यातून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. शेवटच्या टप्प्यात ठरावीक अंशांनी फिरवायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. ते पुन्हा वापरू नयेत. हाताच्या अंदाजावर कितीही वर्षांचा विश्वास असला, तरी येथे तो चालत नाही. हेड खाली आलेच आहे, तर व्हॉल्व्हची सीले, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलावेत, कारण त्यांची मजुरी त्याच कामात सामावते. थर्मोस्टॅट अर्थातच परत बसवावा, आणि फॅनची जोडणी मूळ स्विचवर आणावी.

एवढा खर्च करावा का, हा प्रश्न रास्त आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. त्याची मुदत जवळ आली असेल आणि तळाचा पत्रा कुजलेला असेल, तर हेडवर पैसे घालू नयेत. आमच्या गाडीचा पत्रा शाबूत होता आणि नूतनीकरण नुकतेच झालेले होते.

भरणे आणि पुन्हा मोजणे

जुने कूलंट गटारात सोडू नये. ते गोड लागते, विषारी असते, आणि गल्लीतील कुत्री ते चाटतात. यंत्रणा साध्या पाण्याने धुऊन, निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण सावकाश भरावे. गाडीचे तोंड उताराच्या वरच्या बाजूला ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, आणि फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत हवा निघू द्यावी. हीटरमधून मधूनच थंड वारा येत असेल, तर हवा अजून आत आहे. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलावेत.

त्यानंतर वही पुन्हा सुरू करावी. पहिल्या आठवड्यात आमची पातळी बोटभर उतरली, तेव्हा घरात पुन्हा जुनी शंका डोकावली. ती उरलेली हवा होती, आणि एकदा भरल्यावर पातळी थांबली. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी वरचा होज दाबून पाहत गेलो. रात्रभर उभ्या गाडीचा होज आधी टणक लागत असे, आता तो मऊ असतो. पंधराव्या दिवशी मुद्दाम कसाऱ्यापर्यंत उतरून, एसी चालू ठेवून घाट चढून आलो. दुसऱ्या सकाळी पातळी मार्करच्या खुणेवर होती. त्यानंतर पाच वेळा घाट झाला आहे आणि खूण अजून बदलावी लागलेली नाही.